बासष्ट मुलांचं ऐकणं

शाळेत तिला चार्जिंगमावशी म्हणत. हे नाव मुलांनी ठेवलं, शिक्षकांनी उचललं, आणि पगाराचं पत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालू झालं. त्याआधी सोळा वर्षं ती त्याच शाळेत नुसती मावशी होती. फळे पुसायचे, घंटा द्यायची, पोटात दुखणाऱ्या पोराला घरी पोचवायचं, आणि जिथे कोणालाच जायचं नसेल तिथे जायचं. मग शाळेत टॅब आले. तीस टॅब, ते ठेवायला एक लोखंडी कपाट, कपाटात रांगेने चार्जिंगच्या वायरी, आणि मोठ्या सरांच्या खोलीत भिंतीवर एक भला थोरला पडदा. पडद्यावर प्रत्येक मुलाचा एक ठिपका. शिकतंय ते हिरवं, रेंगाळतंय ते पिवळं, बुडतंय ते लाल.

कपाटाची किल्ली कोणी घ्यायची यावर शिक्षकांची सभा झाली. टॅब फुटला तर जबाबदार कोण, असं मोठ्या सरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं. मावशी चहाचे कप उचलत होती.

"द्या इकडे," ती म्हणाली. "सोळा वर्षं तुमच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळल्या. हे काय जड आहे?"

तिची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. पण हात शहाणा होता. कुठली वायर जरा वाकवून लावली की चार्ज होते, कुठला टॅब दोनदा बंद करून उघडला की शुद्धीवर येतो, हे तिला महिन्याभरात कळलं. मुलांना पासवर्डऐवजी तीन चित्रं दिलेली होती. आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, मग ती तीन चित्रं ओळीने दाबायची, की टॅब म्हणतो, ये. लहान मुलं चित्रं विसरायची. मावशी विसरायची नाही. तिसरीच्या दोन तुकड्या मिळून बासष्ट मुलं, आणि बासष्टांची चित्रं तिच्या डोक्यात. बदक, छत्री, चावी. चंद्र, बूट, बस. एखादं पोर रडकुंडीला आलं की ती लांबूनच ओरडायची, "अरे तुझं मांजर आधी, मग शिडी!"

सुरुवातीला ही यंत्रणा चांगली चालली, हे सांगायलाच हवं. भागाकार न जमणाऱ्या मुलाला टॅब पुन्हा मागे नेऊन वजाबाकी द्यायचा, न ओरडता. कोण कुठे अडकलंय ते बाईंना पडद्यावर दिसायचं. आणि सकाळी टॅब वाटताना मावशीला वाटायचं, या कारखान्याची किल्ली माझ्या कमरेला आहे.

दुसऱ्या वर्षी हेडफोन मेले. मुलांनी वायरी चावल्या, ओढल्या, एकाने तर त्यांची उडी मारायची दोरी केली. तिसांपैकी चार उरले. नवीन मागवायला तीनदा अर्ज गेला आणि तीनदा उत्तर आलं, की आपली विनंती नोंदवली आहे. ऐकण्याचा धडा मात्र हेडफोन लावल्याशिवाय सुरू होत नसे, आणि तो झाल्याशिवाय वाचनाचा पुढचा धडा उघडत नसे. दोन आठवड्यांत अख्खी तिसरी पिवळी पडली.

तिसरीच्या बाई कपाटापाशी आल्या. वयाने मावशीपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण कामाच्या ओझ्याने सदा वाकलेल्या.

"मावशी, माझा वर्ग अडकलाय. मोठे सर रोज बोलवून पडदा दाखवतात."

"हेडफोन चार, मुलं बासष्ट. मी काय कान शिवून देऊ?"

"काहीतरी करा ना. तुम्हाला सगळ्यांची चित्रं पाठ आहेत."

त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते दोघीही उघड बोलल्या नाहीत. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशी चारांतला एक हेडफोन डोक्याला लावून बसली आणि एकेका मुलाच्या नावाने धडा सोडवू लागली. टॅब कानात म्हणायचा, "मुलगी विहिरीपाशी उभी आहे." समोर चार चित्रं. बरोबर ते दाबायचं. दहा वाक्यं, एक धडा. सरावाने एक धडा दीड मिनिटात व्हायला लागला. पोरांचं शिकणं सुटावं म्हणून आपण कुलूप काढतोय, एवढंच तिच्या मनात होतं. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा सुरू झाली. "मावशी कुठेत?" "बसल्यात कान भरायला." मावशीही हसायची.

पण हसता हसता ती एक गोष्ट शिकली. सगळ्यांना दहापैकी दहा दिले की पडद्यावर 'तपासा' असं यायचं. म्हणून ती माणूस बघून गुण देऊ लागली. हुशार पोराला नऊ. मधल्याला सात. खिडकीबाहेर बघणाऱ्याला पाच, कधी सहा. सोळा वर्षं मुलं पाहिलेली बाई, तिचा अंदाज सहसा चुकत नसे. बाईसुद्धा म्हणाल्या, "मावशी, तुमचे आकडे अगदी खरे वाटतात हो."

भिंगरीला ती नऊ द्यायची.

भिंगरी म्हणजे तिसरीतली एक आठ वर्षांची पोर. वर्गात सारखी मान वळवून इकडेतिकडे बघायची, मागच्याने कुठलं पान उघडलंय, शेजारणीने वही काढली का, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलं. तिची आई इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या लाँड्रीत कामाला. ती येईपर्यंत, साडेपाचपर्यंत, भिंगरी मावशीच्या खोलीत बसायची. न सांगता वायरी गुंडाळायची, टॅबच्या काचा फडक्याने पुसायची. बोलायची फारच कमी. मावशी मात्र तिच्याशी अखंड बोलायची. नवऱ्याबद्दल, गुडघ्याबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल. पोर मध्येच वर बघून हसायची आणि पुन्हा वायर गुंडाळायची. बडबड्या माणसाला असा सोबती लाभला की आणखी काय हवं? ते नऊ गुण मायेचे होते. आपल्या पोरीला ताटात जरा जास्त वाढावं, तसे.

त्या वर्षी शाळा सुरू होऊन सहा महिने झाले तेव्हा पालकसभा आली. मावशी टॅब हातात धरून बाईंच्या शेजारी उभी होती, कारण आई-वडिलांना आपापल्या मुलाचा आलेख दाखवायचा होता. इस्त्रीवालीचा नंबर शेवटी आला. दुपारची सुट्टी मागून आलेली, हात कोपरापर्यंत लालसर, डोळ्यांत झोप. भिंगरी तिच्या पदराला धरून.

"तुमच्या मुलीचं काय करायचं सांगा," बाई म्हणाल्या. "पुस्तक काढा म्हटलं की ही बसून राहते. दुसऱ्यांचं बघून मग काढते. शुद्धलेखन घातलं की पान कोरं."

"घरीही असंच, बाई. मागून चार हाका मारल्या तरी ढिम्म. समोर जाऊन उभं राहिलं की उठते." आई थांबली. "मला वाटलं होतं, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवावं. दिवाणावर उशीला डागही पडतात कधीकधी."

"कानाचं काही नाही हो. दाखवा मावशी."

मावशीने टॅब पुढे केला. भिंगरीचा फोटो, आणि खाली सरळ, गर्द हिरवी रेघ.

"हे बघा. ऐकून समजणं, नव्वद टक्के. वर्गात चौथा नंबर. म्हणजे सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. करायचं नसतं. हट्ट आहे हा."

इस्त्रीवालीने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. आधी तिचा चेहरा सैल झाला, एक दवाखाना टळला म्हणून. मग तो हळूहळू आवळत गेला. तिने मुलीचा दंड धरला आणि उठली. मावशी टॅब छातीशी धरून उभी राहिली. जिन्यावरून दोन चपराकी ऐकू आल्या, आणि आईचा आवाज, "मला वेडं बनवतेस? मला?" भिंगरीच्या रडण्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशीने खोलीचं दार लावलं. भिंगरी पाठमोरी बसून वायर गुंडाळत होती. मावशीने तिला हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग पत्र्याचा रिकामा डबा उचलून फरशीवर आपटला. शेजारच्या वर्गातून शिपाई धावत आला, "काय पडलं?" भिंगरी वायर गुंडाळत होती.

मावशीने तिच्या डोक्याला चांगला हेडफोन लावला, आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला आणि धडा उघडून दिला. पोर चित्रांकडे बघेना. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती, कुठल्या चित्रापाशी मावशीची नजर थांबते ते. मावशीने डोळे मिटून घेतले. भिंगरीने पुन्हा ऐकण्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. एका वाक्याला सहा-सात वेळा. मग कुठलंतरी चित्र दाबलं आणि हसून मावशीकडे पाहिलं. दहापैकी दोन.

त्या संध्याकाळी मावशीने कपाटाच्या तळाशी पडलेली माहितीपुस्तिका काढली. ही यंत्रणा शिकवायला माणूस आला होता तेव्हा त्याने सगळ्यांना वाटली होती, आणि सगळ्यांनी तिचा पंख्यासारखा वारा घेतला होता. चौदाव्या पानावर कानाचं छोटं चित्र होतं. मूल ऐकण्याच्या धड्यात सुरुवातीपासून अडखळत असेल तर त्याच्या ठिपक्याशेजारी हे चित्र येईल. अशा मुलाचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. ऐकण्याचे धडे होते ते यासाठीही. मावशीने ते पान दोनदा वाचलं. बासष्ट मुलांच्या जागी चार महिने तिचाच कान तपासला जात होता, आणि तिचा कान ठणठणीत होता.

रविवारी तिने नवऱ्याला सांगितलं. तो कुलपं दुरुस्त करायचा. समोर वर्तमानपत्र पसरून एका जुन्या कुलपात तेल सोडत होता.

"म्हणजे तू बासष्ट घरांची कुलपं काढलीस," तो म्हणाला.

"पोरं अडकली होती."

"कुलूप काढता येतं म्हणून काढायचं नसतं. माझ्या बापाने पहिल्या दिवशी हे शिकवलं मला."

"मग आता काय करू ते सांग. बापाचं पुराण नको."

त्याने कुलूप हलवून पाहिलं. "बोललीस तर तुला ठेवणार नाहीत. ज्यांनी करायला लावलं ते म्हणतील, आम्हाला काय माहीत."

"आणि नाही बोलले तर?"

त्याने कुलपात पुन्हा तेल सोडलं.

मावशीने आडवाट शोधली. तिने बाईंना नुसतं म्हणून बघितलं, "भिंगरीला कमी ऐकू येतं असं वाटतं मला." बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नव्वद टक्के आहेत तिला." मावशीच्या तोंडावर आलं होतं, ते नव्वद मी दिलेत. ते तिथेच राहिलं. मग तिने इस्त्रीवालीला फाटकापाशी गाठलं. "ताई, तिला एकदा डॉक्टरकडे न्या." इस्त्रीवाली थकून म्हणाली, "बाईंनी मशीनवर दाखवलं ना. तुम्हीच तर धरलं होतं. एक दिवस खाडा केला की दुसऱ्या बाईला टेबल देतात तिथे."

मग मावशीच्या डोक्यात आलं, की जे आकड्यांनी केलं ते आकड्यांनीच निस्तरावं. भिंगरीच्या धड्यात आपणच चुकायचं. रोज चुकायचं. ठिपका लाल होईल, शेजारी कानाचं चित्र येईल, बाई स्वतःच म्हणतील डॉक्टरकडे न्या, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. त्या दिवसापासून ती भिंगरीला दोन द्यायला लागली. कधी तीन. बाकीची एकसष्ट मुलं उरकायची असत, म्हणून ती चुकीचं चित्रही भराभर दाबून मोकळी व्हायची.

तीन आठवड्यांनी भिंगरीच्या ठिपक्याशेजारी चित्र आलं. कानाचं नव्हतं, लाल उद्गारचिन्ह होतं. खाली लिहिलं होतं, 'अचानक घसरण. क्षमता उत्तम, प्रयत्न अपुरे. न ऐकता घाईने उत्तरे. पालकांशी बोलावे.'

यंत्राचं चुकलं नव्हतं. चार महिने ज्या मुलीने पटापट नऊ काढले, ती एकाएकी पटापट दोन काढायला लागली तर कोणीही तेच म्हटलं असतं. ज्याला ऐकू येत नाही तो घाई करत नाही, तो पुन्हा पुन्हा बटण दाबतो. भिंगरीने दाबलं होतं तसं. मावशीने भिंगरीच्या नावावर ते बटण एकदाही दाबलं नव्हतं.

इस्त्रीवालीला पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी मोठ्या सरांच्या खोलीत, पडद्यासमोर. मावशी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली तेव्हा सर म्हणत होते, "अशा मुलांमुळे पूर्ण वर्ग खाली येतो. महिनाअखेरपर्यंत बघू. नाही सुधारली तर दुसरी शाळा बघा." इस्त्रीवाली खाली बघत म्हणाली, "दुसरी शाळा कुठली, साहेब. माझ्याबरोबर लाँड्रीत येईल. चादरी मोजेल." दुसऱ्या दिवशी भिंगरी आली तेव्हा तिच्या पायावर वळ होते. मावशीने विचारलं, "काय झालं?" पोरीने मावशीच्या ओठांकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे, आणि वायर उचलली.

त्याच दुपारी मावशी मोठ्या सरांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चार हेडफोन, बासष्ट मुलं, मायेचे नऊ, मुद्दामचे दोन. सरांनी उठून दार लावून घेतलं.

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"बाईंना. बाकीचे चेष्टा करतात, म्हणजे त्यांनाही."

"मावशी, आपली शाळा विभागात पहिली आहे. पुढच्या महिन्यात बघायला लोक यायचेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुट्टीत मी कंपनीच्या माणसाला बोलवून सगळ्यांचे ऐकण्याचे गुण पुसून घेतो. नव्याने सुरुवात."

"सुट्टीला दोन महिने आहेत, सर."

"आठ वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांनी काय फरक पडतो?"

मावशी परत आली. तिने अकरा दिवस वाट पाहिली. कशाची, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. सकाळी टॅब वाटायचे, दुपारी धडे सोडवायचे. अकराव्या दिवशी भिंगरीच्या कानाखाली, मानेवर, पिवळट ओघळ वाळलेला दिसला. मावशीने तो ओल्या फडक्याने पुसला. वास आला. तिने एक टॅब आणि एक हेडफोन कापडी पिशवीत घातला, भिंगरीचा हात धरला आणि फाटकाबाहेर पडली.

लाँड्रीत वाफेने समोरचं दिसत नव्हतं. लांब टेबलांपाशी आठ-दहा बाया उभ्या होत्या. इस्त्रीवालीने दोघींना पाहिलं आणि तिचा चेहरा कडू झाला.

"आता काय केलं हिने?"

"हिने काही नाही केलं. मी केलंय. दोन मिनिटं इकडे बघा."

मावशीने टेबलाच्या कोपऱ्यावर टॅब ठेवला. भिंगरीच्या फोटोवर बोट ठेवलं, तिची तीन चित्रं दाबली, हेडफोन स्वतःच्या डोक्याला लावला. धडा सुरू झाला. मावशीचं बोट फिरत राहिलं आणि इस्त्रीवाली बघत राहिली. दीड मिनिटाने भिंगरीचा फोटो मोठा झाला, त्याच्याभोवती तारे फिरले. दहापैकी नऊ.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "आता चार काढा," ती म्हणाली.

मावशीने पुढच्या धड्यात चार काढले.

"दहा."

मावशीने दहा काढले. शेजारच्या टेबलावरची बाई काम थांबवून बघायला लागली होती. "टीव्हीसारखं आहे काय गं?" तिने विचारलं.

"म्हणजे पहिल्यापासून," इस्त्रीवाली म्हणाली.

"चार महिने. आणि नंतरचे लाल, तेही मीच."

"त्या दिवशी मी जिन्यावर मारलं तिला. तुम्ही होतात वर."

"होते."

"टॅब तुमच्याच हातात होता."

"हो."

इस्त्रीवालीने अर्धी झालेली चादर घडी घालून बाजूला ठेवली, कोपरे नीट जुळवून. तिचा आवाज चढला नाही. "उद्या मी खाडा करते. तुम्ही यायचं बरोबर. डॉक्टरने विचारलं तर मला काय सांगायचं ते कळायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी आधी डावा कान पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मुलीला आतल्या खोलीत तपासणीला बसवलं. काचेतून ती दिसत होती, आवाज आला की वर करायचा हात खालीच धरलेला. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की डाव्या कानात पडद्यामागची हाडं सडून गेलीत, तो गेल्यातच जमा. उजव्यातही पू आहे, पण थोडं ऐकू येतं. ऑपरेशन लवकर केलं तर तेवढं टिकेल.

"कधीपासून कमी ऐकू येतंय?"

इस्त्रीवालीने पर्समधून शाळेने दिलेला छापील आलेख काढला. पालकसभेत मिळालेला, चार घड्या घातलेला. तिच्याकडे पोरीबद्दलचा तेवढाच कागद होता. डॉक्टरीणबाईंनी तो उलगडला. "हे तर उत्तम आहे. म्हणजे चार-पाच महिन्यांपूर्वी व्यवस्थित ऐकू येत होतं?"

"ते मी आहे," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

मावशीने समजावलं. डॉक्टरीणबाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि परत दिला. "याच यंत्रणेने दोन मुलं पाठवलीत माझ्याकडे या वर्षी. दुसऱ्या शाळेतली. दोघंही वेळेत आली होती." मग आईकडे वळून म्हणाल्या, "सहा महिने आधी आला असतात तर डावाही राहिला असता बहुतेक. आता उजव्याचं बघू." फॉर्मवर, कधीपासून, या रकान्यात त्यांनी लिहिलं, माहीत नाही.

मावशीला शाळेतून पत्र मिळालं ते आठवड्याने. शाळेची मालमत्ता परवानगीशिवाय आवाराबाहेर नेली म्हणून कामावरून कमी. ऐकण्याच्या धड्यांचा त्यात एक शब्द नव्हता. तिसरीच्या बाई निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या. "माझं नाव घेतलं नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "सरांपाशी घेतलं होतं," मावशी म्हणाली. "त्यांनी लिहून घेतलं नाही." घंटा झाली आणि बाई आत गेल्या. घंटा चांगली देता येत नव्हती नवीन माणसाला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहायला लागली. तिसरीच्या एकेका आईबापाला गाठून सांगायची, "ऐकण्याचे गुण तुमच्या मुलाचे नाहीत, माझे आहेत. घरी पाठीमागून हाक मारून बघा. वळला नाही तर डॉक्टरकडे न्या." काही जण घाबरून थांबायचे. काही जण म्हणायचे, नोकरी गेली म्हणून डोक्यावर परिणाम झालाय. एक बाप सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पण मग आमच्याला पाचच का? शेजारच्याच्या पोराला नऊ दिलेत तुम्ही."

"तुमचा खिडकीबाहेर बघतो म्हणून," मावशी म्हणाली. "मागून हाक मारा त्याला."

"आमचा पोरगा बहिरा नाहीये."

"नसेल. मारून बघा."

तो पुटपुटत निघून गेला. मावशीने वहीत एक ते बासष्ट आकडे लिहिले होते. ज्याला सांगून झालं त्याच्यापुढे ती खूण करायची. पाचव्या दिवशी अठ्ठावीस खुणा झाल्या होत्या.

त्या दिवशी इस्त्रीवालीही आली. भिंगरीच्या डोक्याला पांढरी पट्टी होती. शाळेत राहिलेलं दप्तर ऑपरेशननंतर घ्यायला दोघी आल्या असाव्यात, कारण परत येताना दप्तर आईच्या खांद्यावर होतं. मुलीने मावशीला पाहिलं आणि तिची पावलं मंदावली. आईने पाहिलं नाही, किंवा पाहून पाहिलं नाही. तिने फक्त मुलीला उजवीकडून डावीकडे घेतलं, म्हणजे पोरीचा उजवा कान तिच्या बाजूला आला. मग वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन, काहीतरी सांगितलं. भिंगरीने मान हलवली. दोघी वळणापर्यंत तशाच गेल्या, आई दर थोड्या पावलांनी वाकत.

मावशीने वही उघडली. एक आजी तिसरीतल्या नातवाला घेऊन फाटकातून बाहेर पडत होती.